खरीप टोमॅटो: तारकाठी वेळेत, बगलफूट बेताने

दिंडोरी, निफाड, संगमनेर पट्ट्यात जुलैमध्ये लावलेला टोमॅटो आता फुलावर येतो आहे. ज्यांची तारकाठी, म्हणजे झाडांना काठ्या, तार आणि सुतळीचा आधार देण्याचं काम, अजून व्हायची आहे त्यांनी ती या आठवड्यात उरकावी. झाड आडवं पडल्यावर उभं करायला गेलं की खोड पिचकतं, आणि मातीला टेकलेलं फळ या पावसात हमखास सडतं. सरीच्या दोन्ही टोकांचे डांब पक्के ताणून घ्या, कारण फळांचं वजन आलं की सगळा भार त्यांच्यावरच येतो. सुतळी पानाच्या देठाखालून घ्या, फुलांच्या झुबक्याखालून नको. गाठ सैल ठेवा. खोड पुढे जाड होणार आहे, घट्ट गाठ त्यात रुतते.

बगलफूट, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातून निघणारे फुटवे, काढण्याआधी आपला वाण कसा वाढतो ते बघा. शेडनेट-पॉलिहाऊसमधल्या सतत वाढणाऱ्या वाणांना एक किंवा दोन खोडं ठेवून दर आठवड्याला फुटवे काढावे लागतात. आपल्याकडे उघड्या रानात बहुतेक संकरित वाण झुडपी किंवा मध्यम वाढीचे आहेत, त्यांना तो नियम लावू नका. त्यांचा माल फुटव्यांवरच येतो. पहिल्या फुलझुबक्याच्या लगेच खालचा फुटवा जोमदार असतो, तो राखा. त्याच्या खालचे तेवढे काढा, वर हात लावू नका. झाड मोकळं दिसावं म्हणून सगळे फुटवे खुडले की तोडे कमी होतात, आणि हे नुकसान नंतर भरून येत नाही.

फुटवा बोटभर लांबीचा असतानाच काढा. चिमटीत धरून बाजूला वाकवला की कट्कन तुटतो. खाली ओढलात तर खोडाची साल सोलून येते आणि तिथूनच रोग शिरतो. दव सुकल्यावर, उघडीप बघून काम करा. ओल्या पानांत माणसं फिरली की करपा आणि जिवाणूजन्य ठिपके झाडोझाड पसरतात. पानांवर हिरवे-पिवळे चट्टे आणणारा मोझॅकचा विषाणू तंबाखू मळलेल्या हातांनीही पसरतो, म्हणून मजुरांना आधी साबणाने हात धुवायला लावा. मोझॅकची शंका असलेली झाडं सगळ्यात शेवटी हाताळा.

फळं धरली की जमिनीला टेकणारी आणि गोल वलयांचे डाग पडलेली खालची पानं काढा, पण एका वेळी दोन-तीनच. लवकर येणारा करपा याच जुन्या पानांवरून वर चढतो. फळांवरची पानं मात्र राहू द्या. ऑक्टोबरचं ऊन उघड्या फळावर पडलं की पांढरट चट्टा येतो आणि तो माल बाजारात बाजूला निघतो.

काढलेला पाला बांधावर किंवा पाटात टाकू नका, पोत्यात भरून रानाबाहेर खड्ड्यात पुरा. त्याच दिवशी संध्याकाळी मॅन्कोझेब हे बुरशीनाशक 25 ग्रॅम प्रति 10 लिटर पाण्यातून फवारा. तोडा सुरू असेल तर लेबलवरचे प्रतीक्षेचे दिवस (फवारणी आणि तोडणी यांच्यात ठेवायचं अंतर) पाळूनच फवारणी करा.