पहिला रुग्ण टेबलावर येण्याआधी: भुलीच्या औषधांची तयारी

शस्त्रक्रियांची यादी सकाळी आठची असेल तर साडेसातला ओटीत (ऑपरेशन थिएटरात) असा. भूल देणाऱ्याचं गणित इतरांपेक्षा वेगळं आहे. वॉर्डात डॉक्टर औषध लिहितात, फार्मासिस्ट पाहतो, सिस्टर देतात. इथे ठरवायचं आपण, भरायचं आपण, टोचायचंही आपण. मध्ये कुणी टोकत नाही. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात २७७ शस्त्रक्रियांच्या वेळी निरीक्षक बाजूला उभे करून औषध देण्याच्या ३,६७१ वेळा तपासल्या गेल्या. साधारण वीसात एकदा काहीतरी चुकलं होतं किंवा औषध बाधलं होतं. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला, आणि ती माणसं आपल्याइतकीच शिकलेली होती.

आधी ट्रॉली मोकळी करा. कालच्या सिरिंजा, अर्धी उरलेली अँप्यूल (औषधाची काचेची कुपी), नाव नसलेली सलाइनची बाटली, सगळं फेका. पोटॅशियम क्लोराइड ट्रॉलीवर असायचं काही कारण नाही. सापडलं तर कपाटात परत पाठवा आणि तिथे कुणी ठेवलं तेही विचारा. मग रुग्णाचा कागद: वजन किलोत, ॲलर्जी, सकाळी घेतलेली औषधं. ॲलर्जी कागदावर वाचली तरी रुग्णाला तोंडी विचाराच, कारण पेनिसिलिननं अंगावर पित्त उठलेला माणूस ‘मला कशाचीच ॲलर्जी नाही’ असं सांगतो आणि ‘ते एक इंजेक्शन सोसलं नव्हतं’ हे नंतर आठवतं.

आता भरणं. एका वेळी एकच औषध. अँप्यूल हातात घेऊन नाव, ताकद, मुदत वाचा, भरा, सिरिंज खाली ठेवण्याआधी लेबल लावा, आणि मगच पुढच्या अँप्यूलला हात घाला. रिकाम्या सिरिंजांवर आधीच लेबलं डकवून ठेवायची सवय अनेकांना असते. वेळ वाचतो खरा, पण मग लेबलाप्रमाणे औषध शोधलं जातं आणि खोक्यावरचं नाव डोळा वाचत नाही, नुसतं ओळखतो. टोपीचा रंग, अँप्यूलची उंची, खोक्याची जागा पाहून औषध उचलू नका. कंपनी बदलली की हे सगळं बदलतं, आणि स्टोअरवाले ते सांगायला येत नाहीत. भरताना फोन बाजूला. कुणी गप्पा मारायला आलं तर हातातली सिरिंज पूर्ण होईपर्यंत थांबवा. राग आला तरी चालेल.

लेबलांच्या रंगांचा आंतरराष्ट्रीय संकेत पाठ असू द्या: झोपवणारी पिवळी, स्नायू सैल करणारी लाल, अफूच्या गटातली निळी, रक्तदाब चढवणारी जांभळी, ॲट्रोपिनसारखी हिरवी, जागा बधिर करणारी करडी. उलट परिणामाच्या औषधाला तोच रंग, पण वर पांढरे तिरपे पट्टे. या पट्ट्यांनी मला एकदा वाचवलंय. केस संपत आली होती, रिव्हर्सल, म्हणजे सैल स्नायू पूर्ववत करणारं औषध, द्यायचं म्हणून हात गेला आणि त्याच मापाची, स्नायू सैल करणाऱ्या ॲट्राक्युरियमची सिरिंज उचलली गेली. लाल दिसलं, पट्टे दिसले नाहीत, म्हणून थबकलो. त्या दिवसापासून रिव्हर्सल मी शेवटच्या टाक्यापर्यंत भरतच नाही. पण रंग फक्त गट सांगतो. फेंटॅनिल आणि मॉर्फिन दोन्ही निळी. एक मायक्रोग्रॅममध्ये मोजायचं, दुसरं मिलिग्रॅममध्ये.

सर्वांत जास्त वेळ पातळ करून भरायच्या औषधांना द्या. ॲड्रेनलिनचं १:१००० म्हणजे मिलिलिटरला १ मिलिग्रॅम. त्यातलं एक मिलि घेऊन दहा केलं की मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम, त्यातलं एक पुन्हा दहा केलं की १०. आता ट्रेमध्ये दोन सिरिंजा आहेत, दोन्ही दहा मिलिच्या, दोन्ही पाण्यासारख्या, फरक दसपट. पहिली तिथल्या तिथे फेका. रक्तदाब चढवणाऱ्या फेनिलेफ्रिनची १० मिलिग्रॅमची अँप्यूल १०० मिलि सलाइनमध्ये घातली असेल तर त्या बाटलीवरही ठळक लेबल हवं, नाहीतर तासाभरानं कुणीतरी तिच्यातूनच कॅन्युला (शिरेतली सुई) धुवायला पाच मिलि ओढतं. लहान मुलांचे डोस आदल्या रात्री मिलिलिटरमध्ये लिहून ठेवा. दहा किलोच्या बाळाला ॲट्रोपिन किलोला २० मायक्रोग्रॅमनं २०० बसतं, ०.६ मिलिग्रॅमच्या एक मिलि अँप्यूलमधून ते ०.३३ मिलि होतं. ते एक मिलिच्या सिरिंजेतच भरा. टक्क्यांचं एकच लक्षात ठेवा, १ टक्का म्हणजे मिलिलिटरला १० मिलिग्रॅम.

स्पायनलचा, म्हणजे मणक्यात टोचून कंबरेखाली बधिर करायच्या भुलीचा, ट्रे वेगळाच लावा, आणि इथे घाई अजिबात नको. रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्झॅमिक ॲसिड बधिर करणाऱ्या ब्युपिव्हॅकेनच्या जागी मणक्यात गेल्याच्या घटना जगभर झाल्या आहेत. २०१९ च्या एका आढाव्यात अशा २१ घटनांपैकी १० रुग्ण दगावले होते, आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेलाही इशारा काढावा लागला. कंबरेखाली बधिर होण्याऐवजी पाठीत-पायांत कळा सुरू होतात, मग झटके येतात, हृदयाचे ठोके बिघडतात. कारण साधं असतं: दोन सारख्या दिसणाऱ्या अँप्यूल एकाच खणात. निर्जंतुक हातमोजे घातलेला माणूस दुसऱ्यानं फोडून धरलेल्या अँप्यूलमधून ओढतो, लेबल मात्र धरणाऱ्याच्या बोटांखाली. म्हणून ट्रानेक्झॅमिक ॲसिड स्पायनलच्या सामानाजवळ ठेवायचंच नाही, आणि अँप्यूल फोडण्याआधी दोघांनी नाव मोठ्यानं वाचायचं. कितीही अनुभवी सिस्टर असल्या तरी.

अँटिबायोटिक चिरेआधीच्या तासाभरात, हळू. आणीबाणीची औषधं कुठे आहेत ते बोटानं दाखवता आलं पाहिजे. ब्लॉक (नसेजवळ टोचून तेवढा भाग बधिर करणं) देणार असाल तर बधिर करणारं औषध रक्तात जाऊन बाधलं तर लागणारं २० टक्के लिपिड इमल्शनही.

शेवटची तयारी केस संपतानाची. रुग्ण टेबलावरून हलवण्याआधी प्रत्येक कॅन्युला आणि तिची नळी सलाइननं धुवा, न वापरलेले फाटे काढून टाका. नळीत राहिलेलं अर्धं मिलि ॲट्राक्युरियम रिकव्हरीत (शस्त्रक्रियेनंतरच्या खोलीत) सिस्टरांनी दुसरं काहीतरी टोचलं की पुढे ढकललं जातं, आणि नुकता जागा झालेला माणूस श्वास घेईनासा होतो. धुतल्याची नोंद कागदावर करा, रिकव्हरीतल्या सिस्टरांना तोंडी सांगा, मग उरलेल्या सिरिंजा फेका. रिकाम्या अँप्यूल मात्र रुग्ण रिकव्हरीत पोहोचेपर्यंत वेगळ्या ठेवा. काही बिनसलं तर काय गेलं ते त्यांच्यावरूनच कळतं.