छंदाची साइट उभारायची आणि टिकवायची कशी

छंदाच्या साइटी तंत्र कमी पडल्यामुळे क्वचितच बंद पडतात. डोमेन, म्हणजे साइटचं नाव-पत्ता, ज्याच्या नावावर आहे तो माणूस सापडत नाही, बॅकअप उघडत नाही, पासवर्ड एकालाच ठाऊक असतो आणि वर्षानुवर्षं जमवलेल्या नोंदी, फोटो, नकाशे जातात. त्यांची दुसरी प्रत सहसा कुठेच नसते. म्हणून चालवणारा बदलला तरी चालू राहील अशीच साइट पहिल्या दिवसापासून बांधावी.

साधन निवडा

लिहिणारे दोन-तीन आणि बाकीचे फक्त वाचणारे असतील, तर ह्यूगो किंवा जेकिलसारखं स्थिर, म्हणजे आधीच बनवून ठेवलेली, पानं तयार करणारं साधन पुरतं. त्यात लेख साठवणारा डेटाबेस नाही, लॉगिन नाही, त्यामुळे फोडण्यासारखं फारसं काही उरत नाही. वीस-पंचवीस सभासद स्वतः लेख आणि फोटो चढवणार असतील तर वर्डप्रेस घ्या, त्यात लॉगिन करून ब्राउझरमधूनच लिहिता येतं. सगळ्यांनी मिळून एकच सूची वाढवायची असेल, म्हणजे फुलपाखरांच्या जाती किंवा जुन्या रेडिओंची मॉडेलं, तर मिडियाविकी, म्हणजे विकिपीडिया ज्यावर चालतो ते साधन. दिसायला ते रुक्ष आहे, पण प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो आणि चुकीचा बदल लगेच मागे घेता येतो. सूचीच्या कामात हे फार मोलाचं.

डोमेन आणि होस्टिंग

डोमेन आणि होस्टिंग, म्हणजे साइटच्या फाइलींसाठी भाड्यानं घेतलेली जागा, वेगवेगळ्या कंपन्यांकडे ठेवा. एका ठिकाणचं खातं अडकलं तरी दुसरं हातात राहतं. डोमेनच्या खात्याला जो ईमेल द्याल तो त्याच डोमेनवरचा नसावा. ही चूक फार जण करतात. मुदत संपली की डोमेनसोबत तो ईमेलही बंद पडतो, आणि ‘नूतनीकरण करा’ ही सूचना नेमकी तिथेच पाठवलेली असते. ईमेल मंडळाचा, दोघांना उघडता येईल असा ठेवा. खात्यात जोडलेलं कार्डही कालबाह्य होतं, त्याची तारीख लिहून ठेवा.

डॉट कॉमसारख्या डोमेनची मुदत टळली तर विक्रेता काही दिवस, जास्तीत जास्त 45, सवलत देऊ शकतो. मग 30 दिवस जादा शुल्क भरून ते सोडवता येतं. त्यानंतर 5 दिवसांनी ते कुणालाही घेता येतं, आणि तुमच्याकडे येणारे सगळे जुने दुवे त्या अनोळखी मालकाकडे जाऊ लागतात.

एचटीटीपीएससाठी, म्हणजे वाचक आणि साइट यांच्यातली देवाणघेवाण सुरक्षित ठेवण्यासाठी, लेट्स एनक्रिप्ट या संस्थेचं मोफत प्रमाणपत्र चालतं. त्याची मुदत साधारण 90 दिवसांची असते, म्हणून नूतनीकरण सर्टबॉटसारख्या साधनावर सोपवा. फायरवॉलमध्ये (सर्व्हरच्या राखणदार सॉफ्टवेअरमध्ये) कुणी 80 क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे साध्या वेब-जोडणीचं दार, बंद केलं किंवा डीएनएस (डोमेन कोणत्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणाऱ्या नोंदी) बदललं, तर नूतनीकरण गुपचूप फसू शकतं आणि मुदत संपल्यावर थेट ब्राउझरचा इशाराच दिसतो. मुदत संपत आल्याचे ईमेल लेट्स एनक्रिप्टनं 2025 मध्ये बंद केले. त्यामुळे तारखेवर नजर ठेवणारी वेगळी तपासणी लावून द्या.

मजकूर आणि फोटो

वर्डप्रेससारखी साधनं मजकूर ज्यात साठवतात त्या मायएसक्यूएलमध्ये डेटाबेस ‘यूटीएफ8एमबी4’ या अक्षरसंचाचाच करा. जुन्या ‘यूटीएफ8’ संचात एका चिन्हाला 3 बाइटच मिळतात. देवनागरी त्यात बसते, पण इमोजीला 4 लागतात. मग सभासदानं लेखात एक हसरा चेहरा टाकला की जतन करताना त्रुटी येते, किंवा पुढचा सगळा मजकूर कापला जातो.

फाइलींची नावं रोमन लिपीत, लहान अक्षरांत द्या. पत्त्यात देवनागरीचं एकेक चिन्ह 9 चिन्हांचं होतं, आणि 10 चिन्हांचं नाव 90 चिन्हांवर जातं. असे दुवे ईमेलमध्ये हमखास तुटतात.

फोटोंकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. मोबाइलचा फोटो सहज 3 ते 5 एमबीचा असतो. लांब बाजू 1600 पिक्सेल आणि जेपेग दर्जा 80 ठेवला, की तो बहुधा 200 ते 400 केबीवर येतो आणि पडद्यावर फरक जाणवत नाही. मूळ प्रती मात्र वेगळ्या डिस्कवर जपा. फोटोच्या आत जागेचे अक्षांश-रेखांश लपलेले असतात. पक्ष्याचं घरटं, दुर्मीळ झाड किंवा सभासदाचं घर यांचा पत्ता असा जगजाहीर होऊ देऊ नका, ती माहिती चढवतानाच काढून टाका. मात्र फोटो कोणत्या बाजूनं धरायचा ही खूणही तिथेच असते. आधी फोटो प्रत्यक्ष फिरवून घ्या, मग माहिती पुसा. उलट क्रमानं केलं तर उभे फोटो आडवे पडतात.

नोंदणी आणि ईमेल

नोंदणी उघडी ठेवली की यांत्रिक खाती येणारच. अर्जात माणसाला न दिसणारा एक रकाना ठेवा. तो भरलेला आला, की अर्ज नाकारा. जोडीला छंदातलाच साधा प्रश्न विचारा. हातानं नोंदणी करणारे जाहिरातदार त्यानं थांबत नाहीत, म्हणून नव्या सभासदाच्या पहिल्या दोन नोंदी तपासूनच प्रसिद्ध करा. नाव आणि ईमेलपलीकडे काही मागू नका. सभासद सोडून गेला तर त्याचे फोटो राहतील का, हे नोंदणीच्या वेळीच स्पष्ट लिहा.

पासवर्ड बदलण्याचे ईमेल स्पॅममध्ये जात असतील, तर बहुधा डीएनएसमध्ये एसपीएफ आणि डीकेआयएम नोंदी, म्हणजे ईमेल खरंच तुमच्या डोमेनकडून आल्याची खूण, नसतात. 2024 च्या फेब्रुवारीपासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडून यांपैकी निदान एक मागतं. दोन्ही लावा.

बॅकअप

डेटाबेस रोज, चढवलेल्या फाइली आठवड्याला. फक्त डेटाबेस घेतला तर फोटो जातात, फक्त फाइली घेतल्या तर लेख जातात. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक वेगळ्या ठिकाणी. होस्टिंग कंपनीचा बॅकअप यात धरू नका. खातं बंद झालं की तोही जातो.

दर तीन महिन्यांनी दुसऱ्या संगणकावर बॅकअपमधून साइट उभी करून पाहा. कालची नोंद आहे का, फोटो उघडतात का, मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं तर नाहीत ना? प्रश्नचिन्हं दिसली, तर बहुधा बॅकअप चुकीच्या अक्षरसंचात निघाला आहे आणि तो निरुपयोगी आहे. हे काम साइट चालवणाऱ्यानं न करता दुसऱ्या माणसानं, फक्त लिहून ठेवलेल्या सूचना वाचून करावं. कुठे अडलं, तिथे सूचना अपुऱ्या आहेत.

अद्ययावत ठेवणं

महिन्यातून एक ठरलेला दिवस पुरतो, पण सुरक्षेची दुरुस्ती आली तर त्याच दिवशी बसवा. आधी बॅकअप, मग एकेक प्लगइन (साइटला जादा सोय देणारं जोड-सॉफ्टवेअर), प्रत्येकानंतर लॉगिन, शोध आणि फोटो चढवणं तपासा. सगळी एकदम बदलली तर बिघाड कशामुळे झाला ते कळत नाही. न वापरलेली प्लगइनं निष्क्रिय करून थांबू नका, काढून टाका. त्यांच्या फाइली सर्व्हरवर असतात आणि जुन्या त्रुटीही तिथेच राहतात. पानाचा पत्ता बदललाच, तर जुन्या पत्त्यावरून 301 पुनर्निर्देशन लावा, म्हणजे वाचक आपोआप नव्या पत्त्यावर जातो.

लिहिणारे थांबले तर

साइट तशीच सोडू नका, तिला गोठवा. सगळ्या पानांची स्थिर एचटीएमएल प्रत काढा, त्यासाठी एचटीट्रॅकसारखं साधन चालतं. मग नोंदणी, लॉगिन आणि शोध काढून टाका. डेटाबेसची शेवटची प्रत दोन सभासदांकडे द्या. महत्त्वाच्या पानांची प्रत इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्येही, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संग्रहात, जतन करा. पहिल्या पानावर नव्या नोंदी कोणत्या तारखेपासून थांबल्या ते लिहा, आणि डोमेन एकदम 10 वर्षांसाठी भरून ठेवा. डॉट कॉमला तेवढी मुदत मिळते.