गाडीचं चार्जिंग तपासायला शिकताना: नव्या ऑटो इलेक्ट्रिशियनसाठी

सकाळी सेल्फ लागला नाही म्हणून आलेल्या गाडीला नवी बॅटरी बसवून पाठवणं सगळ्यात सोपं असतं. दोष दुसरीकडे असेल तर आठवड्याभरात तीच तक्रार परत येते आणि गिऱ्हाईकाचा विश्वास उडतो. आयटीआय करून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा इतर कुठे गॅरेजला लागलात, तर भाग बदलण्याआधी मोजायचं आणि आकडा जॉब कार्डवर लिहायचा, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. मीटर, म्हणजे मल्टिमीटर, लॅमिंग्टन रोडवर मिळेल. मिलिव्होल्ट दाखवणारा आणि 10 अँपिअरचं फ्यूज असलेलं सॉकेट असलेला घ्या.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, 12.4 म्हणजे साधारण पाऊण, 12.2 म्हणजे निम्मी. गाडी नुकतीच चालून आली असेल तर हे आकडे फसवे निघतात, म्हणून हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा आणि थोडं थांबून मोजा. सेल्फ मारताना व्होल्टेज 9.6 च्या खाली जाऊ नये. मात्र उतरलेल्या बॅटरीवर ही चाचणी घेऊन निकाल देऊ नका, आधी ती चार्ज करा.

इंजिन चालू केल्यावर बॅटरीवर 13.8 ते 14.5 यायला हवेत. आकडा 12.6 वरच अडकला तर आधी बेल्ट, फ्यूज आणि आल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) कनेक्टर बघा, आल्टरनेटर खोलायचं त्यानंतर. 15 च्या वर गेला तर बहुधा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज आवरणारा भाग, गेलेला असतो. नव्या गाड्यांत चार्जिंगचं व्होल्टेज ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवतो. बॅटरी भरलेली असली की तो 13 च्या आसपासही ठेवतो. हेडलाइट आणि ब्लोअर लावा. आकडा चढला तर आल्टरनेटरला हात लावायचं कारण नाही.

आता खरी कामाची चाचणी, व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे करंट वाहताना वायरीत आणि जोडांत किती व्होल्ट वाया जातात ते मोजणं. मुंबईत ती आलीच पाहिजे, कारण खारी हवा आणि जुलैत हिंदमाता किंवा मिलन सबवेला साचणारं पाणी यांनी वायर आवरणाच्या आतून हिरवी पडते. वरून ती धडधाकट दिसते. दहा तारांपैकी एकच शिल्लक असली तरी करंट नसताना मीटर पूर्ण 12 व्होल्ट दाखवतो, ओहमवरही काही कळत नाही. करंट वाहायला लागला की दोष उघडा पडतो. म्हणून इंजिन 2000 आरपीएमवर ठेवा, हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक लीड आल्टरनेटरच्या जाड वायरच्या बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लस पोलवर टेकवा. टोक पोलच्या शिशावरच हवं, क्लॅम्पवर नको. 0.2 व्होल्टपर्यंत ठीक, 0.5 म्हणजे वाटेत अडथळा आहे. मग लीड पोलवरून क्लॅम्पवर, क्लॅम्पवरून लगवर (वायरच्या टोकाची धातूची कडी) अशी सरकवत न्या. आकडा जिथे एकदम खाली येतो, त्या जोडात दोष. अर्थिंगची बाजूही तशीच, आल्टरनेटरच्या बॉडीपासून मायनस पोलपर्यंत. इथे 0.2 च्या वर गेलं तर इंजिन आणि चॅसीमधली अर्थिंगची पट्टी काढून दोन्ही टोकं चकचकीत घासा. जुन्या गाडीत सेल्फ मारताना क्लच केबल तापत असेल, तर करंट परतीची वाट तिच्यातून शोधतोय असं समजा.

मीटर एसी व्होल्टवर ठेवून चालू इंजिनवर बॅटरी मोजली आणि अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं, तर आल्टरनेटरमधल्या, एसीचं डीसी करणाऱ्या डायोडवर संशय घ्या. असा डायोड रात्री बॅटरीही उतरवू शकतो.

रात्रीची गळती मोजायला चावी काढा, दारं लावा आणि मायनस केबल सोडवून मध्ये मीटर 10 अँपिअरवर जोडा. यानंतर सेल्फ अजिबात मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल. गाडीतले मॉड्यूल, म्हणजे छोटे कंट्रोल कॉम्प्युटर, झोपायला वीस ते चाळीस मिनिटं लागतात. घाईत घेतलेला आकडा खोटा असतो. 50 मिलिअँपिअरच्या आत असेल तर सोडून द्या. अर्धा अँपिअर असेल तर दिवसाला 12 अँपिअर-अवर जातात, म्हणजे 35 अँपिअर-अवरच्या बॅटरीचा तिसरा हिस्सा. फ्यूज उपटत बसू नका, मॉड्यूल पुन्हा जागे होतात. फ्यूजच्या माथ्यावरच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट मोजा. जिथे काही आकडा दिसेल, त्या सर्किटमधून करंट जातोय. बाहेरून बसवलेला स्टिरिओ आणि डॅशकॅम आधी तपासा.

चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून आल्टरनेटर तपासायची जुनी पद्धत कुणी शिकवली, तरी करू नका. त्या क्षणी व्होल्टेज इतकं उसळू शकतं की ईसीयू जळतो. टर्मिनल काढायचं ते इंजिन बंद करूनच, आधी मायनस. जोडताना मायनस शेवटी.