साथीत स्नूकरची स्पर्धा घ्यायचीय? आधी टाइमटेबल, सॅनिटायझर नंतर

कोरोनात निर्बंध जरा सैल झाले तेव्हा आम्ही परभणीत (हो, जगात जर्मनी, भारतात परभणी, तीच) क्लबातल्या क्लबात स्पर्धा घ्यायचं ठरवलं, आणि पहिलं काम काय केलं तर सॅनिटायझरचा पाच लिटरचा कॅन आणला. अख्खी अक्कल तिथंच संपली. एका वेळी खोलीत किती माणसं बसणार याचा हिशोब कुणीच केला नव्हता, आणि खरं काम तेच असतंय.

त्यासाठी सरळ इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सची कॉपी मारा. 1 जून 2020 ला तिथं चॅम्पियनशिप लीग सुरू झाली, लॉकडाऊननंतरची स्नूकरची पहिली प्रोफेशनल स्पर्धा. 64 खेळाडू, चार-चार जणांचे 16 गट, प्रत्येक गट एका दिवसात उरकायचा. हॉलला लागूनच हॉटेल, आल्या आल्या टेस्ट, रिझल्ट येईपर्यंत खोलीतून बाहेर पडायचं नाही, प्रेक्षक एकही नाही. 11 दिवसात सगळं आटपलं, लुका ब्रेसेल जिंकला. नॉकआउटमध्ये पुढच्या राउंडसाठी माणूस परत परत येतो, गटात मात्र एक दिवस खेळला की हरलेला घरी मोकळा.

आपल्याकडं हॉटेल कुठलं आलंय, पण गट तर पाडता येतात. 16 पोरं असतील तर 4 गट, दिवसाला एक. चार जणांच्या 6 मॅच होतात, मॅचला दोनच फ्रेम (म्हणजे डाव) ठेवा म्हणजे 12 फ्रेम. आपल्या पोरांना एका फ्रेमला 40 मिनिटं धरा (जास्तच लागतात, आपण काय झटपट खेळणारा रॉनी ओ'सलिव्हन नाही), म्हणजे 8 तास. सकाळी दहाला सुरू केलं तर संध्याकाळपर्यंत उरकतंय, लाईट गेली नाही तर. आत फक्त खेळणारे दोघं आणि मार्कर (पॉइंट मोजणारा), बाकीचे दोघं बाहेर झाडाखाली. जिंकला तर 3 पॉइंट, 1-1 झालं तर दोघांना एकेक, गटात पॉइंट सारखे झाले तर फ्रेमचा फरक, मग मोठा ब्रेक (एका दमात सलग केलेले पॉइंट). हे आधीच लिहून भिंतीवर लावा, नंतर लै भांडणं होतात.

दोन पोरं राखीव ठेवाच. जानेवारी 2021 च्या मास्टर्स स्पर्धेला जड ट्रम्प आणि जॅक लिसोव्स्की पॉझिटिव्ह निघाले, त्यांच्या जागी जो पेरी आणि गॅरी विल्सन आले अन् स्पर्धा चालू राहिली. ताप असलेला पोरगा "काही नाही हो, उन्हाचं झालंय" म्हणतोच, त्याला आत घेऊ नका, मग तो क्लबमालकाचा भाचा का असेना.

आता टेबल. इथं आम्ही माती खाल्ली. एका उत्साही पोरानं फरशीला मारायचं हायपो (ब्लीचचं पाणी) स्प्रेच्या बाटलीत भरून टेबलावरच मारलं. कापड लोकरीचं असतंय, दुसऱ्या दिवशी काळा बॉल ठेवायच्या खुणेजवळ भाकरीएवढा पिवळट डाग, आणि हळू मारलेला बॉल तिथं आला की वाकडा जायचा. त्यामुळं कापडावर काहीच मारायचं नाही. बॉल 22 च आहेत, प्रत्येक मॅचनंतर साबणाच्या कोमट पाण्यातून काढा, मऊ टॉवेलनं कोरडे करा, बास. हाताला सॅनिटायझर लावलं तर पूर्ण वाळू द्या, ओल्या बोटांच्या ब्रिजवर (काठी टेकवायला केलेला हाताचा आधार) क्यू, म्हणजे खेळायची काठी, अडकतो आणि मग सोपा पॉट हुकला की दोष सॅनिटायझरला. चॉक ज्याचा त्याचा, खिशात. रेस्ट आणि स्पायडर (हात पोचत नाही तिथं क्यू टेकवायच्या दांड्या) सगळ्यांचा असतो, म्हणून त्याच्या दांड्याला दर मॅचनंतर फडकं मारायचं, हे हमखास विसरतं. हस्तांदोलन नाही, लांबूनच रामराम.

एसी बंद, खिडक्या उघड्या. मग धूळ येणारच, आणि उन्हाळ्यात आपल्याकडची धूळ म्हणजे काय सांगावं. मॅच संपली की ब्रश मारा, बॉल्क लाईनकडून (जिथून डाव सुरू होतो ती आडवी रेघ) काळ्याकडं, एकाच दिशेनं, उलटा मारला की कापडाची लव उभी राहते.

बघ्यांसाठी मोबाईल स्टूलवर उभा करून ग्रुपवर लाईव्ह सोडा. तरी ते येतातच. आमच्या इथं एक जण खिडकीच्या गजाला धरून सारखा "पिवळा घे, पिवळा!" ओरडायला लागला, शेवटी मार्करनं ती खिडकी तेवढी लावून घेतली आणि मागची उघडली.