पुतुओशान बेटावर शनिवार-रविवारची सहल: गटाने कसे जावे

शांघाय, यीवू किंवा शाओशिंगजवळच्या केछियाओ येथे नोकरी-व्यापारानिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींना दोन दिवसांच्या सुट्टीत एखादे बेट पाहायचे असेल, तर झोउशान द्वीपसमूहातील पुतुओशान हे मी सर्वांत आधी सुचवीन. हे बेट जेमतेम साडेबारा चौरस किलोमीटरांचे आहे आणि चीनमधील चार पवित्र बौद्ध पर्वतांपैकी ते एक आहे. येथील देवता ग्वानयिन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, करुणेचा बोधिसत्त्व; चीनमध्ये तो स्त्रीरूपात पुजला जातो. बेटाचे नावही त्याच्या निवासस्थानाच्या ‘पोतलक’ या संस्कृत नावावरून आले आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या औरंगाबाद लेण्यांतील सातव्या लेण्यात अष्टमहाभयांतून भक्तांना सोडवणारा अवलोकितेश्वर कोरलेला आहे आणि त्या आठ संकटांत बुडणारे जहाजही आहे. ते शिल्प ज्यांनी पाहिले आहे, त्यांना चिनी दर्यावर्दी याच देवतेला का शरण जात, हे या बेटावर वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तारीख ठरवताना केवळ शनिवार-रविवार पाहून भागत नाही. चीनमध्ये मोठ्या सुट्ट्यांच्या आगेमागचे काही शनिवार-रविवार कामाचे दिवस म्हणून जाहीर होतात, त्यामुळे त्या वर्षाचे सरकारी वेळापत्रक आधी तपासावे. 1 ऑक्टोबरपासूनची राष्ट्रीय दिनाची सुट्टी आणि मे महिन्याच्या आरंभीची सुट्टी टाळावी. चिनी चांद्र पंचांगातील दुसऱ्या, सहाव्या आणि नवव्या महिन्याच्या 19 तारखा हे ग्वानयिनचे उत्सव असून त्या दिवसांत बेटावर यात्रेची गर्दी उसळते. ज्यांना यात्राच अनुभवायची आहे त्यांनी अवश्य जावे, परंतु लहान मुले आणि वृद्ध बरोबर असतील तर तो आठवडा सोडून द्यावा. जुलै ते सप्टेंबर हा वादळांचा काळ असतो, तर वसंतात धुके दाटते, आणि या दोन्ही कारणांनी बोटी बंद होतात. ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर हा माझ्या मते उत्तम काळ आहे.

गट आठ ते दहा जणांचा असावा, कारण तेवढी माणसे एका गोल टेबलाभोवती बसू शकतात, आणि बोटीवर चढताना कोणी मागे राहिले तर ते लगेच ध्यानात येते. सर्व आरक्षणे एकाच व्यक्तीने करावीत. महाराष्ट्रातील अनेकांच्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव असते. तिकिटे खऱ्या नावानेच मिळत असल्याने ते पूर्ण नाव पासपोर्टवर छापले आहे त्याच क्रमाने भरावे, अन्यथा स्थानकावर नाव जुळवण्यात वेळ जातो. मूळ पासपोर्ट प्रत्येकाने जवळ ठेवावा, कारण मुक्कामाच्या ठिकाणी परदेशी पाहुण्यांची पोलिसांकडे नोंद करावी लागते. अशी नोंद तेथे करता येते का, हे खोली घेण्यापूर्वीच विचारावे.

शांघायहून निंगबोपर्यंत वेगवान रेल्वेने आणि पुढे बसने जाता येते. डिसेंबर 2009 मध्ये खुल्या झालेल्या सागरी पुलांच्या मालिकेमुळे झोउशानचे मुख्य बेट मुख्य भूमीशी रस्त्याने जोडले गेले आहे. त्या मालिकेतील शिहोउमेन पुलाचा मधला गाळा 1,650 मीटरांचा आहे, तो पाहता यावा म्हणून हा टप्पा दिवसाउजेडी पार करावा. तेथून शेजारच्या झुजियाजियान बेटाच्या धक्क्यावर यावे. पुढचा बोटीचा प्रवास साधारण पाव तासाचा आहे. पर्यटकांची वाहने बेटावर नेता येत नाहीत, ती अलीकडेच उभी करावी लागतात. बेटावर अंतर्गत बस आहेत. बोटभाडे आणि बेटाचे प्रवेशशुल्क वेगवेगळे असते, हे खर्चाचा अंदाज बांधताना लक्षात ठेवावे.

मुक्काम मात्र बेटावरच करावा, आणि याविषयी मी आग्रही आहे. झुजियाजियानला खोल्या स्वस्त मिळतात हे खरे, परंतु दिवसभरासाठी आलेले प्रवासी परतल्यानंतरची संध्याकाळ आणि पहाटेची प्रार्थना यांसाठीच या बेटावर यावे. ही दोन्ही सोडली, तर गर्दीतून फिरवून आणणारी एक बस तेवढी हाती लागते.

शनिवारी दुपारी बेटावरील प्रमुख मंदिर पुजी पाहून दक्षिणेकडे वळावे. तेथे 1997 मध्ये पूर्ण झालेली 33 मीटर उंचीची ग्वानयिनची मूर्ती समुद्राकडे पाहत उभी आहे. जवळच ‘जाण्यास नकार देणाऱ्या ग्वानयिन’चे लहान मंदिर आहे. एक जपानी भिक्षू तिची मूर्ती मायदेशी नेत असताना समुद्राने वाट अडवली आणि मूर्ती येथेच राहिली, अशी त्यामागची कथा आहे. भरतीच्या वेळी शेजारच्या खडकातील कपारीत लाटा घुमतात, तो आवाज थोडा वेळ शांतपणे ऐकावा.

रविवारी पहाटे फोदिंगशान हा सुमारे 290 मीटरांचा माथा गाठावा. वृद्धांना घेऊन रज्जुमार्गाने वर जावे आणि ज्यांचे गुडघे साथ देतात त्यांनी हजाराहून अधिक पायऱ्या उतरून फायु मंदिरापर्यंत यावे. वाटेत दर तीन पावलांनी दंडवत घालत चढणारे भाविक भेटतात. त्यांना वाट द्यावी, छायाचित्र काढू नये. माथ्यावरील हुइजी मंदिराजवळ पुतुओ हॉर्नबीम हा वृक्ष कुंपणात जपलेला आहे. या जातीचा नैसर्गिकरीत्या वाढलेला जगातील हा एकमेव वृक्ष होय. अनेक गट त्याच्यासमोरून न थांबता निघून जातात, याचे मला वाईट वाटते.

मंदिराच्या उंबरठ्यावर पाय न देता तो ओलांडावा आणि गाभाऱ्यात छायाचित्रे घेऊ नयेत. मंदिरातील भोजन पूर्ण शाकाहारी असते आणि त्यात कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे आपल्यातील जैन आणि माळकरी मंडळींची चांगली सोय होते. मात्र ते ठरावीक वेळी, आणि आपल्या सवयीपेक्षा बरेच लवकर वाढले जाते. आदल्या दिवशीच वेळ विचारून ठेवावी. बाहेर मासे खायचे असल्यास वजन करण्यापूर्वी भाव पक्का करावा. पैसे मोबाइलवरून देता येतात, तरी थोडी रोख रक्कम जवळ असू द्यावी.

परतीची बोट रविवारी दुपारी दोनच्या सुमारास धरावी आणि निंगबोची रेल्वे त्यानंतर किमान चार तासांनी सुटणारी निवडावी. सकाळी धुके दिसले, तर उरलेले बेत सोडून आधी धक्क्यावर चौकशी करावी. बोटी बंदच झाल्या, तर त्या रात्रीसाठी खोली तत्काळ राखून ठेवावी आणि सोमवारच्या कामाविषयी कार्यालयात त्याच वेळी कळवावे.