शब्दार्थांचा इतिहास शिकायचाय? आधी अवतरणं वाचा

इंग्रजी आणि स्कॉट्स (स्कॉटलंडमधली इंग्रजीची बहीणभाषा) यांतल्या शब्दार्थांच्या इतिहासावर एम.ए., पीएच.डी. करायचा विचार असलेली मुलं हमखास विचारतात: लॅटिन यायलाच हवं का? आलं तर उत्तम, पण त्यावाचून अडत नाही. अडतं ते कोशातली नोंद वाचता येत नाही म्हणून.

ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश उघडला की नवखा माणूस व्याख्या वाचतो आणि पान मिटतो. खरा माल त्याखाली, सालवार लावलेल्या अवतरणांत असतो. व्याख्या हा संपादकाचा निष्कर्ष, अवतरणं हा पुरावा. आणि पहिल्या अवतरणाचं साल म्हणजे शब्दाचं जन्मसाल नव्हे. तितका जुना लेखी दाखला हाती लागला, एवढंच.

'डाउट' घ्या. ग्लासगोत कुणी आभाळाकडे बघून 'आय डाउट इट्ल रेन' म्हणालं, तर छत्री घ्यायची! शाळेतल्या इंग्रजीच्या हिशेबानं नेमकं उलट. शब्द आला जुन्या फ्रेंचमधून. तिथे आणि मध्ययुगीन इंग्रजीतही त्याला 'भिणे' हा अर्थ होता. नको ते होईल अशी भीती, मग होणार असा अंदाज. हॅम्लेट 'आय डाउट सम फाउल प्ले' म्हणतो तेव्हा काहीतरी काळंबेरं आहे असंच त्याला वाटत असतं. प्रमाण इंग्रजीत हा वापर मागे पडला, स्कॉट्सनं तो राखला. आपल्याला हे जड जाऊ नये. 'त्यानंच पैसे उचलले असा मला संशय आहे' म्हणताना आपणही 'उचलले असणार' हेच सांगत असतो.

स्कॉट्ससाठी 'डिक्शनरीज ऑफ द स्कॉट्स लँग्वेज'चं संकेतस्थळ फुकट आहे. त्यात दोन कोश एकत्र आहेत: 1700 पर्यंतच्या भाषेचा बारा खंडांचा आणि त्यानंतरच्या भाषेचा दहा खंडांचा. जुन्या कोशात लिपीशी झटापट होते. 'व्हॉट' तिथे 'क्यूयूएच'नं सुरू होतो. 'योघ' नावाचं जुनं अक्षर छपाईत 'झेड' झालं. म्हणून स्पेलिंगमध्ये 'झेड' असलेलं मेंझीस आडनाव स्कॉटलंडमध्ये 'मिंगिस' असं उच्चारलेलं ऐकू येतं. पहिल्या सत्रात नुसतं स्पेलिंग ओळखण्यातच वेळ जाणार, हे धरून चाला.

मग ग्लासगो विद्यापीठाचा इंग्रजीचा ऐतिहासिक थिसॉरस, म्हणजे अर्थांनुसार गट पाडलेला शब्दसंग्रह. मायकेल सॅम्युअल्स यांनी 1965 मध्ये त्याची कल्पना मांडली, छापून आला 2009 मध्ये. शब्द कागदी चिठ्ठ्यांवर नोंदवलेले होते; 1978 च्या आगीतून त्या वाचल्या त्या लोखंडी कपाटांमुळे. सुमारे आठ लाख अर्थ इथे अकारविल्हे नव्हे, तर कल्पनांनुसार लावलेत. त्यामुळे शेजारचे शब्द दिसतात: जुन्या इंग्रजीत 'डेओर' म्हणजे कुठलाही प्राणी, पुढे 'बीस्ट' आणि 'अ‍ॅनिमल' येऊन बसले, आणि 'डिअर' हरणापुरता उरला. एकटी नोंद वाचून ही ढकलाढकली कळत नाही.

2015 मध्ये ग्लासगोच्याच संशोधकांनी स्कॉट्समध्ये बर्फासाठी 421 शब्द असल्याचं सांगितलं आणि वर्तमानपत्रांना खाद्य मिळालं. अशा आकड्यांवर माझा फारसा जीव नाही. यात 'स्नॉ-पाउदर'सारखे जोडशब्दही आहेत. बातमीला आकडा लागतो. आपण नोंदी उघडायच्या.

नोकरीचं स्पष्टच सांगतो: कोशांचे संपादकवर्ग लहान, जागा क्वचित निघतात. कॉर्पस (संगणकावरचा मोठा मजकूरसाठा) हाताळणं आणि थोडं प्रोग्रॅमिंग शिकून ठेवा, बाहेरही उपयोगी पडतं. अर्ज करण्याआधी 'सिली' किंवा (मांस या अर्थाचा) 'मीट' यांपैकी एक शब्द घेऊन दोन्ही भाषांतली सगळी अवतरणं एक्सेलमध्ये उतरवा: साल, ग्रंथप्रकार, प्रदेश, अर्थ. कुठला अर्थ लावावा हे ठरत नाही अशा ओळी वेगळ्या रंगात ठेवा. प्रबंधाचा विषय बहुधा त्यांतच सापडतो.