इंदूरच्या उकाड्यात भरदार रेड वाइन पारखताना

‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला युरोपातल्या गार खोल्यांचा. शब-ए-मालवाचं, म्हणजे माळव्यातल्या गार रात्रींचं, कौतुक कितीही असो, मे महिन्यात इंदूरच्या घरात कपाटातली बाटली सहज ३२-३३ अंशांवर असते. एवढ्या गरम वाइनचं अल्कोहोल आधी नाकात चढतं आणि फळाचा वास दबतो. कॅबर्ने किंवा शिराझ (या नावांच्या काळ्या द्राक्षांची भरदार वाइन) १६ ते १८ अंशांवर हवी. त्यासाठी बाटली दीडेक तास फ्रिजमध्ये किंवा दहा मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवा. फार गार झाली तर टॅनिन (द्राक्षाच्या सालीबियांतून येणारा तुरटपणा) उगाच बोचतं आणि वाइन कडवट लागते.

उघडण्याआधी बूच पाहा. ते वर आलं असेल किंवा मानेवर चिकट ओघळ असेल, तर बाटली बहुधा प्रवासात तापली आहे. अशा वाइनला शिजवलेल्या मुरंब्यासारखा वास येतो. त्यावर इलाज नाही.

चाखण्याआधी जिरावन मसाला घातलेले पोहे किंवा लवंगी शेव नको. तिखटाने भाजलेल्या जिभेला अल्कोहोल आणखी झोंबतं. सोबत पाणी आणि साधा पाव पुरे.

वर निमुळत्या होत जाणाऱ्या ग्लासात ६०-७० मिली ओता आणि पांढऱ्या कागदावर तो तिरका धरा. कडेला जांभळी झाक म्हणजे वाइन तरुण, विटकरी म्हणजे मुरलेली (किंवा उन्हातान्हात म्हातारी झालेली). काचेवरून उतरणारे ओघळ पाहून ‘वा!’ म्हणायची पद्धत आहे. त्यातून मुख्यतः अल्कोहोलचा अंदाज येतो, दर्जाचा नाही.

आधी न हलवता हुंगा, मग ग्लास फिरवून. शिराझमध्ये काळी मिरी, कॅबर्नेत कधी ढोबळी मिरची सापडते. ओल्या पुठ्ठ्याचा वास बुचाच्या दोषाचा, ती बाटली बाद. सडक्या अंड्याचा वास मात्र जोरात फिरवल्यावर बरेचदा उडतो, तेव्हा ओतून देण्याची घाई नको.

आता चमचाभर घोट घ्या, ओठ किंचित उघडून हवा आत ओढा आणि पाच-सहा सेकंद तोंडभर फिरवा. नवख्यांची गल्लत इथेच होते: आंबटपणा आणि टॅनिन. आंबटपणाने तोंडाला पाणी सुटतं. टॅनिनने उलट हिरड्या कोरड्या पडतात, जांभळं खाल्ल्यावर जीभ आवळते तशा. हे आवळणं मखमली आहे की खरखरीत, ते नीट पाहा. भरदार वाइनचा कस त्यातच कळतो. वजन दुधावरून जोखा: पाणी घातलेलं दूध हलकं, सायीचं दूध भरदार. गिळल्यावर सेकंद मोजा. चव पाचाच्या आत विरली तर वाइन साधारण, पंधरापुढे रेंगाळली तर उत्तम. पण नुसती घशातली जळजळ मोजू नका.

टॅनिन फारच अंगावर आलं तर वाइन रुंद जगमध्ये ओतून तासभर ठेवा. उन्हाळ्यात जग थंड पाण्याच्या परातीत हवा, नाहीतर तासाभरात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखा. काही कडक वाइन तेव्हाच मोकळ्या होतात.